ढालकिडा आणि खवले कीड : एका अपयशाचे पुनर्मूल्यांकन

2010 नंतरच्या दशकात मुंबई व तिच्या उपनगरांतील रस्त्यांच्या कडेचे अनेक जुने पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने वाळले. बुंध्याभोवतीचे काँक्रीटीकरणही या ऱ्हासाचे एक कारण मानले गेले. पिठ्या ढेकूण हा खवले किडींच्याच महाकुलातील रसशोषक कीटक होय. त्याच्या अंगावरील मेणचट आवरणामुळे कीटकनाशक आत पोहोचत नाही. शिवाय दाट वस्तीत उंच वृक्षांवर विषारी फवारणी करणे धोक्याचे असते. अशा वेळी ढालकिड्यांकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. मात्र भारतात या उपायाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सरळ विजयाचा इतिहास नाही.

या शास्त्राचा आरंभ सामान्यतः कॅलिफोर्नियातील घटनेपासून मानला जातो. तेथील संत्र्यांच्या बागा आयसेरिया पुर्चासी या कापसासारख्या अंडकोशाच्या खवले किडीने उजाड होत होत्या. कीड मूळची ऑस्ट्रेलियाची असल्याने तिचे शत्रूही तेथेच शोधावेत, या विचाराने 1888 साली आल्बर्ट केबेले यांस तिकडे धाडण्यात आले. त्यांनी पाठविलेल्या पहिल्या तीन खेपांतील 129 रोडोलिया ढालकिडे लॉस एंजेलिस येथील एका झाडावर तंबूखाली सोडले गेले. वर्षभरात या किड्यांच्या संततीने बागा सावरल्या.

या यशाने जगभर आशा निर्माण केली. भारतात 1898 साली एच. ओ. न्यूपोर्ट यांनी ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिअरी हा ढालकिडा आणविला. दक्षिणेतील कॉफीवरील हिरव्या खवले किडीचा नाश करणे, हा त्यामागील हेतू होता. तो हेतू साधला नाही. किडा दक्षिण भारतात टिकून राहिला, परंतु हिरव्या खवले किडीवर त्याने अंमल बसविला नाही. त्यामुळे या प्रयोगाची नोंद अपयश म्हणून झाली.

अपयशाचे कारण भक्ष्याच्या निवडीत होते. क्रिप्टोलिमसची मादी बहुधा भक्ष्याच्या कापशी मेणतंतूंत किंवा अंडकोशांत अंडी घालते. हिरवी खवले कीड चपटी असून तिला असा अंडकोश नसतो. पिठ्या ढेकणांना व पल्व्हिनेरियासारख्या किडींना तो असतो, आणि याच किडींवर क्रिप्टोलिमस दक्षिणेत स्थिरावला. याउलट निलगिरीतील वॅटल वृक्षांवर आयसेरियाचा उपद्रव झाला, तेव्हा तिचाच खास भक्षक असलेला रोडोलिया 1930 च्या सुमारास आणण्यात आला आणि त्याने ती कीड आटोक्यात ठेवली. तेव्हा दोन्ही प्रयोगांच्या निष्पत्तीतील फरक किड्यांच्या गुणवत्तेचा नसून भक्षक व भक्ष्य यांच्या अनुरूपतेचा होता.

पुढील काळाने 1898 चा निकाल फिरविला. गुलाबी पिठ्या ढेकूण ही द्राक्षवेलींची मोठी कीड असून महाराष्ट्रातील द्राक्षबागांनाही तिचा उपसर्ग होतो. तिच्यावर क्रिप्टोलिमस उपयुक्त ठरला व प्रयोगशाळांत त्याची पैदास होऊ लागली. 1990 च्या दशकात हीच कीड कॅरिबियन बेटांवर पसरली. तेव्हा त्रिनिदादला क्रिप्टोलिमस पुरविण्यात आले ते भारतातून. ऑस्ट्रेलियातून येऊन येथे निरुपयोगी ठरलेला किडा शंभर वर्षांच्या आत येथूनच निर्यात झाला. परदेशी किडेच तेवढे कामाचे, असेही नाही. चिलोकोरस नायग्रिटस हा भारतीय ढालकिडा 1930 च्या दशकात सेशेल्समध्ये नारळावरील खवले किडींविरुद्ध सोडला गेला व यशस्वी ठरला.

या इतिहासाचा बोध उपनगरांतील वृक्षांच्या बाबतीत प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. प्रथम कीड कोणत्या जातीची, याची निश्चिती झाली पाहिजे. भक्षकाची निवड त्यानंतर. क्रिप्टोलिमसची अळीही पांढऱ्या मेणाने झाकलेली असल्याने ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि अजाणतेपणी फवारणीत मारली जाते. मुंग्या गोड चिकट स्रावाच्या लोभाने किडीचे रक्षण करतात व ढालकिड्यांना हुसकावतात. या गोष्टींचा विचार न करता सोडलेले ढालकिडे निष्फळ ठरले, तर दोष पुन्हा ढालकिड्यांच्याच माथी येईल. 1898 मध्ये नेमके तेच झाले होते.