दोन कागद आणि एक हत्ती : भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक



अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यात फिरायला लागतात. लहान गावं, शाळांची सभागृहं, शंभर-दोनशे माणसं. तिथला शेतकरी म्हणे बिनधास्त सांगतो, "अजून ठरवलं नाही, या गृहस्थाला एकदाच ऐकलंय." आपल्याला त्याचं कौतुक वाटतं. पण आपल्या भंडारा जिल्ह्याने हे ७० वर्षांपूर्वी अनुभवलेलं आहे, आणि इथे समोर उभा असलेला उमेदवार साधासुधा नव्हता. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष इथे मत मागायला आला होता आणि आपण त्याला पाडलं. "आपण" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आंधळगावात येऊन "भंडारावाल्यांनी पाडलं" असं तिऱ्हाईतासारखं बोलण्यात अर्थ नाही.

आधी थोडा काळ समजून घेऊ. १९५४ साली भंडारा महाराष्ट्रात नव्हता. तेव्हाचा मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. मराठी विदर्भ मुंबई राज्यात आला १९५६ च्या नोव्हेंबरात, आणि महाराष्ट्र झाला १९६० मध्ये. गोंदियाही तेव्हा भंडाऱ्यातच. धान, तलाव, बिडी, आणि तुमच्या गावासारख्या ठिकाणी कोष्ट्यांचे माग व कोशाचं कापड. जिल्ह्यात महार समाज मोठा, आणि नागपूरच्या चळवळीशी त्याचा जुना संबंध. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना १९४२ मध्ये नागपूरलाच झाली होती. त्यामुळे बाबासाहेबांनी भंडारा का निवडला, याचं उत्तर फार शोधावं लागत नाही.

त्याआधी १९५२ ला ते उत्तर मुंबईत पडले होते, काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून. १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळ सोडलं होतं. राज्यसभेत ते होते, पण लोकांतून निवडून लोकसभेत जाणं ही गोष्ट वेगळी. १९५४ च्या एप्रिलमध्ये ते भंडाऱ्यात सभा घेत होते. प्रकृती ढासळलेली, मधुमेह, पायांचं दुखणं. आणि भाषणात काय बोलले? जातीचं गाऱ्हाणं मांडून मत मागणं सोपं होतं. त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. उन्हात बसलेल्या धानकऱ्याला आणि बिडी वळणाऱ्या बाईला ते जगाचं राजकारण सांगत होते! याला कुणी व्यवहारशून्यता म्हणेल. मला त्यात श्रोत्यांचा मान दिसतो. ज्याला मत द्यायचा अधिकार आहे, त्याला परराष्ट्र धोरणावर मत असण्याचाही अधिकार आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

आता मुख्य मुद्दा. भंडारा तेव्हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी, फेडरेशनचा हत्ती. मतदाराच्या हातात दोन कागद द्यायचे, त्याने आत जाऊन पेटीत टाकायचे. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर मोजायला एकच धरायचा.

फेडरेशनची युती प्रजा समाजवादी पक्षाशी होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर आंबेडकर. मेहता मूळचे गुजराती, मुंबईच्या कामगार चळवळीतले, १८५७ वर पुस्तक लिहिलेले अभ्यासू गृहस्थ. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर, हे स्थानिक. म्हणजे एकीकडे बाहेरून आलेली दोन मोठी नावं आणि दुसरीकडे घरचा माणूस. ही तुलना त्या वेळी लोकांच्या मनात आली नसेल असं समजू नका.

विदर्भातल्या चळवळीत एक हकीकत सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला : आपल्या लोकांनी एक कागद हत्तीला टाकावा आणि दुसरा वाया घालवावा, म्हणजे दुसऱ्या कुणाची बेरीज वाढणार नाही. बाबासाहेबांनी नकार दिला. मी हरलो तरी चालेल, पण मत वाया घालवा असं सांगणार नाही, अशा आशयाचं ते बोलले.

हे नुसतं भाबडं तत्त्व होतं का? १९५२ च्या मुंबईत काय झालं ते पाहा. तिथेही मेहता आणि आंबेडकर जोडीनेच लढले आणि पडले होते. ७४ हजारांवर मतपत्रिका बाद झाल्या. मत कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन हे दोघेच निवडणूक याचिकेत गेले होते, आणि तो रोख कॉम्रेड डांग्यांकडे होता. याचिका फेटाळली गेली, ते सोडा. पण ज्या गोष्टीला दोन वर्षांपूर्वी गैर म्हटलं, ती आपल्या फायद्याची आहे म्हणून भंडाऱ्यात योग्य कशी होईल? तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरला इथे कांट आठवणार, त्याला इलाज नाही. जो नियम सगळ्यांनी पाळावा असं आपण म्हणू शकत नाही, तो स्वतःपुरता वापरायचा नाही. बाबासाहेबांनी मात्र कांटचं नाव न घेता घटना समितीत १९४८ लाच ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा आधार देऊन सांगितलं होतं की घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. भंडाऱ्यात ती रुजवायची पाळी त्यांच्यावरच आली.

निकाल काय लागला? मेहता निवडून आले. आंबेडकर साधारण आठ हजारांच्या फरकाने बोरकरांकडून पडले. मेहतांना आंबेडकरांपेक्षा जास्त मतं होती. युती होती ना? मग ज्या हातांनी एक कागद झोपडीच्या पेटीत टाकला, त्यातल्या हजारो हातांनी दुसरा कागद हत्तीच्या पेटीत टाकला नाही. पेटीजवळ पडदा होता, तिथे कुणी पाहत नव्हतं, आणि तिथे युती संपली. मी बोरकरांना दोष देत नाही, त्यांनी आपल्या पक्षाचं काम केलं. (पुढच्याच वर्षी पोटनिवडणूक होऊन त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या, हेही इथे सांगून ठेवतो.) मला प्रश्न पडतो तो समाजवादी मतदाराचा. समतेच्या भाषणाला टाळ्या वाजवणारा हात आत गेल्यावर का थबकला? पुणे करारापासून बाबासाहेब हेच म्हणत आले होते, की राखीव जागा असली तरी संयुक्त मतदारसंघात कोण निवडून येणार हे बाकीचे ठरवतात. १९५५ मध्ये फेडरेशनने विधिमंडळांतल्या राखीव जागाच रद्द करा असा ठराव केला. भंडाऱ्याच्या पाठोपाठ हा ठराव यावा, हा मला योगायोग वाटत नाही.

या पराभवातून दुसरा विचारही पुढे सरकला. एका जातसमूहाचा पक्ष पुरत नाही, सगळ्या शोषितांचा विरोधी पक्ष हवा. १९५६ मध्ये लोहियांशी पत्रव्यवहार झाला. डिसेंबरात बाबासाहेब गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि तेव्हा लोक नेत्यांना निरखू लागले : आता बाबासाहेबांच्या जागी कोण? अध्यक्षपद मिळालं मद्रासच्या एन. शिवराजांना. १९४२ च्या नागपूरच्या परिषदेचेही तेच अध्यक्ष होते, म्हणजे जुना, सर्वांना चालणारा माणूस. पण लोकांचं लक्ष होतं दादासाहेब गायकवाडांकडे, बी. सी. कांबळ्यांकडे, आपल्या चांद्याच्या बॅरिस्टर खोब्रागड्यांकडे. आणि पारख कशावरून झाली? कपड्यांवरून! धोतरवाले आणि पँटवाले. पुढे कांबळ्यांचा गट "दुरुस्त" ठरला, मग दुसरे आपोआप "नादुरुस्त". नावं गमतीशीर आहेत, पण माझ्या मते ही विभागणी आळशी आहे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातून आलेले गायकवाड भूमिहीनांसाठी जमीन मागत होते, कांबळे घटनेचा आणि कायद्याचा आग्रह धरत होते. दोन्ही गोष्टी बाबासाहेबांकडूनच आलेल्या. भंडाऱ्याच्या मतदाराने हातातले दोन कागद वेगळ्या पेट्यांत टाकले, तसे पक्षानेच आपल्या वारशाचे दोन तुकडे केले.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. पुढे पेट्याही गेल्या आणि एकाच कागदावर शिक्का आला. हत्ती काही वर्षं रिपब्लिकनांकडे राहिला. आता तो दुसऱ्या पक्षाकडे आहे, हे तुम्ही जाणताच.

कुणाच्या घरी त्या एप्रिलच्या सभांची आठवण सांगणारं म्हातारं माणूस असेल, तर ती लिहून घ्या, बापा. तेव्हा एकविशीत असलेला मतदार आज नव्वदी ओलांडून गेला आहे.