फोटोशॉपच्या आधीचं फोटोशॉप

मंडळी, गेल्या वीकांताला फोटोशॉप उघडून बसलो होतो आणि एक प्रश्न पडला. फोटोचा एखादा भाग उजळ करायचं जे 'डॉज' टूल आहे, त्याचं चित्र म्हणजे काडीला लावलेली काळी चकती. गडद करायच्या 'बर्न'चं चित्र म्हणजे अर्धवट मिटलेला हात. आता उजेडाचा आणि काळ्या चकतीचा संबंध काय? थोडं खोदकाम केलं आणि थेट डार्करूममध्ये जाऊन पोचलो.

डार्करूममध्ये निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडतात. जिथे उजेड जास्त, तिथे कागद जास्त काळा. चेहरा उजळ हवा असेल तर काडीला लावलेली पुठ्ठ्याची चकती काही सेकंद त्यावर धरायची, उजेड अडवायचा. हा डॉज. आभाळ गडद हवं तर बाकीचा कागद झाकून, हाताच्या फटीतून तेवढ्याच भागावर जास्त उजेड सोडायचा. हा बर्न. थॉमस नोलने १९८७ मध्ये फोटोशॉपचं मूळ लिहायला घेतलं, भाऊ जॉन मदतीला आला आणि १९९० मध्ये पहिली आवृत्ती बाजारात आली. डार्करूमची भाषा अशी आपल्या माऊसखाली आली.

"पूर्वीचे फोटो कसे खरे असायचे!" असं आपण म्हणतो ना? १८५७ च्या सुमाराला फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवरचं रसायन निळ्या उजेडाला फार लवकर भुलायचं. समुद्र नीट आला की आभाळ पांढरंफटक, आभाळ नीट आलं की समुद्र काळाठिक्कर. पठ्ठ्याने काय करावं? समुद्राची एक निगेटिव्ह, आभाळाची दुसरी, आणि क्षितिजावर दोन्हीचा सांधा. एकच आभाळ त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर लावलंय! आज आपला मोबाईल एचडीआरमध्ये दोन-चार फ्रेम्स गुपचूप जोडतो, तोच हा खटाटोप.

पुढे १ नोव्हेंबर १९४१. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या गावाजवळ अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने गाडी थांबवली. वर चंद्र, खाली मावळतीच्या उन्हात चमकणारे क्रूस. लाइट मीटर सापडेना! त्याला चंद्राची प्रखरता पाठ होती, त्यावरून हिशेब करून एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत ऊन गेलं. त्या एकुलत्या एक निगेटिव्हवरून त्याने आयुष्यभर प्रिंट्स काढल्या आणि दर दशकात आभाळ जास्त काळं होत गेलं. मूळचा पियानोवादक हा माणूस. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं तो मानायचा.

पण याच हत्यारांची दुसरी बाजूही आहे. मे १९४५ मध्ये बर्लिनच्या राइशस्टागवर सोव्हिएत झेंडा लावतानाचा येवगेनी खाल्देईचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यात एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. म्हणजे लूट! छापण्याआधी एक घड्याळ सुईने खरवडून काढलं. अ‍ॅडम्सने जे दिसलं होतं तेच ठळक केलं. इथे मात्र जे होतं ते नव्हतंच असं ठरवलं गेलं. सीमारेषा कुठे आहे ते इथे कळतं.

मला ती जरा उशिरा कळली. आजीच्या पंचाहत्तरीचा फोटो मी नवशिक्या उत्साहात एडिट केला. सुरकुत्या साफ, कपाळावरचा देवीचा व्रण गायब. आजी हसून म्हणाली, "ही कोण रे बाई?" मीही हसलो आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. दोन वर्षांनी आजी गेली. भिंतीवर लावायला नीट असा तेवढा एकच फोटो होता. आई अजूनही त्याच्याकडे बघून म्हणते, "व्रण हवा होता रे."

म्हणून नवशिक्यांसाठी चार गोष्टी. मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवर किंवा वेगळ्या लेयरवर काम करा. फोटो काढताना आभाळ पांढरंफटक होत असेल तर एक्सपोजर थोडं कमी ठेवा. डिजिटलमध्ये सावली बऱ्यापैकी उजळता येते, पण जळून गेलेला पांढरा भाग परत येत नाही. डॉज-बर्न पाच-दहा टक्क्यांवर ठेवून हळूहळू चढवा. आणि काही पुसण्याआधी एकदा विचारा, हा डाग आहे की ओळख? मुरूम आठवड्यात जातो, तो खुशाल काढा. व्रण राहू द्या.

असो. आता उठतो, हार्ड डिस्कचा बॅकअप घ्यायचाय. तुम्हीही घ्या :)