बाराच्या रोलपासून छत्तीसच्या रोलपर्यंत

तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर कोणता कॅमेरा घेणार, हे त्याच्या आवडीआधी बाजारातला रोल ठरवत असे. आमचा स्टुडिओ कराडचा. आधी तो अण्णांनी चालवला, मग मी. आमच्या हातांतून गेलेला प्रत्येक कॅमेरा तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन आला: रोल कुठे मिळतो, प्रिंट कुठे होतात आणि बिघडला तर दुरुस्त कोण करतं.

घरगुती फोटोंसाठी अण्णांच्या काळात आग्फाचा क्लिक थ्री होता. तो बडोद्यात बनत असल्यामुळे आयातीच्या कटकटीतून सुटलेला. त्यात 120 चा रोल बसे आणि बारा चौकोनी फोटो निघत. फोकस जुळवायचा नाही, फक्त ऊन आहे की ढग एवढं बघायचं. असे कॅमेरे स्टुडिओतून भाड्यानेही जात. लोक ते महाबळेश्वरला नेत आणि संपलेला रोल धुवायला आमच्याकडेच देत.

त्या काळी परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक बंधनं होती. रोलचीही तीच गत. पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चाले, म्हणून तिथला ओर्वो आपल्याकडे मिळे. 1960 साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचा ‘इंदू’ बाजारात आला. दोन्हींचे 120 चे रोल असत. त्यामुळे धंद्याचा कॅमेराही 120 चाच हवा होता.

तसा सर्वांत मानाचा कॅमेरा म्हणजे जर्मन रोलायफ्लेक्स. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी दिल्लीतल्या मोठमोठ्या घटना त्यावर टिपल्या. लग्नाची कामं करणाऱ्याला तो परवडत नसे. त्याने धरली जपानी याशिका. 1970 मध्ये निघालेलं याशिका मॅट 124 जी हे मॉडेल आमच्या पट्ट्यात फार चाललं. मुंबईच्या बोरा बाजारात सेकंडहँड बघायचं, भिंगाला बुरशी नाही ना हे उजेडात धरून तपासायचं आणि मग भाव करायचा.

याशिकाला दोन भिंगं होती, वरचं बघायला आणि खालचं फोटो घ्यायला. त्याचा मोठा फायदा लग्नात कळे. बटण दाबल्यावरही वरच्या काचेवरचं चित्र जात नाही, त्यामुळे फ्लॅश उडाला त्या क्षणी नवऱ्याचे डोळे मिटले का, हे अण्णांना तिथेच दिसे. कॅमेरा पोटाशी धरायचा असल्याने पाटावर बसलेल्या वधूवरांचे चेहरे समोरून येत. सहा सेंटिमीटर चौकोनी निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करता येई. देवीचे व्रण हलके करणं हे अण्णांचं हातखंडा काम. रोलमध्ये फोटो बाराच, म्हणून अंतरपाट, सप्तपदी, सूनमुख आणि दोन्हीकडचा ग्रुप यांचा हिशेब आधीच मनात मांडलेला असे.

रंगीत फोटो आले आणि हे गणित मोडलं. रंगीत रोल धुऊन प्रिंट काढणाऱ्या मिनीलॅब मुख्यतः 35 मिलिमीटरच्या रोलवर चालत, आणि त्या रोलमध्ये छत्तीस फोटो बसत. गिऱ्हाइकाला रंगीत अल्बम हवा, तोही जाडजूड. डार्करूमचं काम लॅबकडे गेलं. मी धंद्यात आलो तेव्हा निवड पेंटॅक्स के 1000 आणि निकॉन एफएम 2 यांच्यात होती. पेंटॅक्स 1976 चा, निकॉन 1982 चा. दोन्हींचं शटर यांत्रिक. सेल संपला तरी फक्त प्रकाशमापक बंद पडे, फोटो निघतच राही. खेड्यातल्या मांडवात ही खात्री लाखमोलाची होती. घराघरांत तोवर 110 च्या कार्ट्रिजचा हॉट शॉट, याशिका एमएफ 2 आणि मग कोडॅक केबी 10 पोचले होते आणि कॅमेरे भाड्याने देणं बंद पडलं.

डिजिटलकडे वळताना आमच्यातले बरेच जण निकॉनलाच धरून राहिले, त्यालाही कारण होतं. निकॉनने भिंग बसवायची खोबण 1959 पासून तीच ठेवली होती. कॅननने 1987 मध्ये ती बदलली. जुनी भिंगं नव्या निकॉनवर चढत, कधी प्रकाशमापन हाताने करावं लागे इतकंच. 2006 मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेरे बंद केले, पण साधा एफएम 10 त्यानंतरही विक्रीत ठेवला.

हा सगळा इतिहास निगेटिव्हवर उमटलेला आहे. कुणी जुना फोटो घेऊन आलं की मी आधी निगेटिव्ह मागतो. चौकोनी कृष्णधवल असेल तर काळ साधारण अण्णांचा. लांबट रंगीत पट्टी असेल तर माझा. स्टुडिओ बंद होताना ही निगेटिव्ह रद्दीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह रंगीत प्रिंटपेक्षा जास्त टिकतात, आणि आपल्या गावांतली लग्नं, दुकानं, शाळांचे वर्ग त्यांत आहेत. ग्रंथालयांनी आणि नगरपालिकांनी ती आत्ताच मागून घ्यावीत, आणि फोटोत कोण आहे हे सांगू शकणारी माणसं हयात आहेत तोवर पाकिटांवर नावं लिहून घ्यावीत.