‘होय’चे बहुमत: जालन्याच्या खासदारकीची नोंदवही

जालन्याहून भोकरदनकडे निघाले की वाटेत राजूर लागते. मोरगाव, राजूर आणि पद्मालय ही गणपतीची तीन पूर्ण पीठे आणि चिंचवड हे अर्धे, अशी भाविकांची गणना. वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली गेली ती इथेच, ही राजुरेश्वराची कथा. अंगारकीला इथे लाखांनी लोक येतात. लाखांनी लोक येतात तिथे पुढारीही येतात, त्यामुळे निवडणूक लागली की प्रचाराचा नारळ राजुरेश्वरापुढे फोडायचा, ही भोकरदन-जालना भागातली जुनी रीत आहे. कुणाच्या नारळाला किती गर्दी होती, याची चर्चा पुढे महिनाभर पारावर चालते.

निवडून दिलेला माणूस दिल्लीत कशाला ‘होय’ म्हणाला आणि कशाला ‘नाही’, याची चर्चा त्या पारावर क्वचितच होते. त्यात मतदाराचा दोष थोडा आणि संसदेच्या रीतीचा जास्त.

लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सभागृहातून ‘होय’ आणि ‘नाही’चे आवाज उठतात, कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात आणि विधेयक पुढे सरकते. कोण काय म्हणाले याचा कागद उरत नाही. एखाद्या सदस्याने आग्रह धरला, तरच मतविभागणी होते. मग घंटा साडेतीन मिनिटे वाजते, दारे बंद होतात आणि बटणे दाबली जातात. १९५७ साली लोकसभेत मतनोंदणीचे यंत्र बसले, त्याआधी सदस्य उठून लॉबीत जात आणि तिथे मोजले जात. घटनादुरुस्तीला मात्र विशेष बहुमत लागते, म्हणून तिथे मोजणी टळत नाही. त्यात १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षाचा व्हिप मोडून मत दिले किंवा मत द्यायचे टाळले आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे मत मोजले गेले, तरी ते सदस्याचे की पक्षाचे हा प्रश्न उरतोच. जालन्याच्या जागेचा इतिहास वाचायचा तो हे धरून.

निजामाच्या राज्यातून १९४८ साली बाहेर पडलेला हा मुलूख पहिल्या लोकसभेच्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि १९५६ च्या पुनर्रचनेत द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ साली जालन्यातून काँग्रेसचे सैफ तय्यबजी निवडून आले. त्यांच्यानंतरच्या पोटनिवडणुकीत ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षात काँग्रेसची जागा शेकापने घेणे ही मोठी गोष्ट होती. पुढे ती पुन्हा काँग्रेसकडे वळली आणि १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत बाबुराव काळे खासदार झाले.

त्या लोकसभेचा काळ आणीबाणीत वाढवला गेला. २ नोव्हेंबर १९७६ रोजी बेचाळिसावी घटनादुरुस्ती मताला आली, तेव्हा बाजूने ३६६ आणि विरोधात फक्त ४ मते पडली. विरोधी पक्षांचे कितीतरी सदस्य तुरुंगात होते आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी बहिष्कार घातला होता. लोकसभेची मुदत पाचावरून सहा वर्षांवर नेणारी हीच ती दुरुस्ती. पुढच्याच मार्चमध्ये निवडणूक झाली आणि जालन्याने जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे यांना दिल्लीला पाठवले. १९७८ साली चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांची केली आणि ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणावरून आणीबाणी आणण्याची वाट बंद केली. जे कलम घालताना जालन्याची जागा सत्ताधाऱ्यांकडे होती, ते काढतानाही ती सत्ताधाऱ्यांकडेच होती. मधल्या काळात सत्ताधारी तेवढे बदलले होते.

पुंडलिक हरी दानवे १९८९ मध्ये पुन्हा निवडून आले, या वेळी भाजपकडून. त्या लोकसभेत भाजपचे ८५ सदस्य होते आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार त्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे होते. मंडल आयोगाची घोषणा, रथयात्रा, अडवाणींची अटक असे एकामागून एक घडत गेले आणि ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वास ठराव १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडला. ज्या पक्षाच्या आधाराने सरकार उभे होते त्यानेच ते पाडले आणि जालन्याची जागा त्या पक्षाकडे होती.

१९९१ मध्ये सहकारातले काँग्रेसचे अंकुशराव टोपे आले. त्यांच्या वाट्याला नरसिंह राव यांचे अल्पमतातले सरकार आले. २८ जुलै १९९३ रोजी अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ असा चौदा मतांनी फेटाळला गेला. यातली काही मते विकत घेतल्याच्या आरोपातून झारखंड मुक्ती मोर्चा लाचप्रकरण उभे राहिले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सभागृहात दिलेल्या मताबद्दल खासदारावर खटला चालू शकतो का, हा त्यातला प्रश्न. १९९८ साली न्यायालयाने लाच घेऊन मत दिलेल्यांना संरक्षण दिले, आणि सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते मार्च २०२४ मध्ये काढून घेतले.

नंतरची तीन वर्षे सरकारे पडण्याची होती. १९९६ आणि १९९८ अशा दोन्ही वेळा जालन्यातून भाजपचे उत्तमसिंग पवार निवडून आले. १९९६ च्या मे महिन्यात वाजपेयींनी मतदानाआधीच राजीनामा दिला, त्यामुळे त्या ठरावाला आकडा नाही. ११ एप्रिल १९९७ रोजी देवेगौडांचा विश्वास ठराव १५८ विरुद्ध २९२ मतांनी पडला. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींच्या बाजूने २६९ आणि विरोधात २७० मते पडली. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग खासदारकी न सोडता येऊन मत देऊन गेले, नॅशनल कॉन्फरन्सच्या सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा व्हिप मोडला. मोजलेल्या मताचे वजन देशाला कळले ते त्या दिवशी.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत जालन्यात रावसाहेब दानवे आले आणि पुढची पंचवीस वर्षे राहिले. भोकरदन तालुक्यातल्या जवखेड्याचे हे गृहस्थ सरपंचपदापासून पंचायत समिती आणि १९९० व १९९५ ची आमदारकी अशा पायऱ्या चढत आले होते. राजूर त्यांच्या घरच्या मतदारसंघातले. पहिली पाच वर्षे ते सत्तेच्या बाजूला बसले, पुढची दहा विरोधी बाकांवर. २२ जुलै २००८ रोजी अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारने विश्वास ठराव मांडला आणि २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. त्या दिवशी शेजारच्या परभणीचे शिवसेनेचे खासदार तुकाराम रेंगे पाटील यांनी पक्षाचा आदेश पाळला नाही आणि सेनेने त्यांना काढून टाकले. जालन्याच्या जागेवर मात्र असे बंड कधी गाजले नाही. इथे पक्ष बदलला तो मतदारांनी, निवडणुकीच्या दिवशी.

२००९ ची निवडणूक दानवे काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याविरुद्ध ८,४८२ मतांनी कसेबसे जिंकले. २०१४ मध्ये आघाडी दोन लाखांवर गेली, २०१९ मध्ये तीन लाखांवर. या दहा वर्षांत ते दोनदा केंद्रात राज्यमंत्री होते आणि मध्ये २०१५ ते २०१९ भाजपचे महाराष्ट्र प्रदेशाध्यक्ष. अध्यक्षपदाच्या काळात, २०१७ साली, तुरीच्या खरेदीवरून शेतकऱ्यांबद्दल त्यांनी जालन्यात काढलेले शब्द राज्यभर गाजले आणि त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्या हंगामात तुरीचे पीक उदंड आले होते, बोनससह हमीभाव ५,०५० रुपये होता आणि खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा होत्या.

मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. हजेरीच्या वहीतही सही करत नाहीत. खासदारांच्या कामगिरीची कोष्टके निघतात त्यांत म्हणूनच मंत्र्यांचे रकाने रिकामे असतात. त्यांचे काम शोधायचे ते त्यांनी मांडलेल्या विधेयकांत, आणि दानवेंच्या बाबतीत ते थेट शेतीच्या बाजारात जाऊन पोचते.

१४ सप्टेंबर २०२० रोजी, करोनाच्या सावटात भरलेल्या अधिवेशनात, ग्राहक व्यवहार खात्याचे राज्यमंत्री म्हणून दानवे यांनी अत्यावश्यक वस्तू (सुधारणा) विधेयक लोकसभेत मांडले. पुढे ‘तीन कृषी कायदे’ म्हणून ज्यांचे नाव झाले त्यांपैकी हे एक. मूळ कायदा १९५५ चा. सुधारणा अशी की धान्य, डाळी, बटाटा, कांदा, तेलबिया आणि खाद्यतेल यांच्या पुरवठ्यावर सरकारने फक्त युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ किंवा गंभीर नैसर्गिक आपत्तीतच बंधने आणावीत. साठ्यावर मर्यादा घालायची तर फळे-भाजीपाल्याचा किरकोळ भाव दुप्पट झालेला हवा आणि टिकाऊ मालाचा दीडपट. सरकारचे म्हणणे, साठवणुकीत गुंतवणूक येईल आणि शेतकऱ्याला भाव मिळेल. विरोधकांचे म्हणणे, साठेबाज व्यापाऱ्याला रान मोकळे होईल. गंमत म्हणजे त्याच १४ सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. कांद्यावरचे सरकारी बंधन सैल करणारे विधेयक आणि कांदा बंदरावर अडवणारा आदेश एकाच तारखेचे आहेत.

दुसऱ्या दिवशी लोकसभेने विधेयक मंजूर केले, आवाजी मतदानाने. उरलेली दोन विधेयके १७ तारखेला तशीच मंजूर झाली आणि अकाली दलाच्या हरसिम्रत कौर बादल यांनी मंत्रिपद सोडले. २० तारखेला राज्यसभेत विरोधकांनी त्या दोन विधेयकांवर मतविभागणी मागितली. ती मिळाली नाही, गोंधळ झाला आणि तिथेही आवाजावरच निर्णय झाला. हिवाळ्यात दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसले. त्या आंदोलनामागे चीन आणि पाकिस्तान असल्याचे विधान दानवे यांनी डिसेंबरमध्ये जालना जिल्ह्यातल्याच एका कार्यक्रमात केले, आणि त्यावर आंदोलकांनी संताप व्यक्त केला. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी तिन्ही कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना, आवाजी मतदानाने. भोकरदनच्या माणसाच्या हातून लोकसभेत आलेला सर्वांत वादग्रस्त कायदा झाला आणि गेला, पण दोन्ही वेळा कुणाचे मत मोजले गेले नाही.

मोजलेल्या मतांत या काळात एक मत जालन्याशी थेट भिडणारे होते. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षण रद्द केले आणि मागास वर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार १०२ व्या दुरुस्तीने गेल्याचे म्हटले. तो परत देणारी दुरुस्ती १० ऑगस्टला लोकसभेने ३८५ विरुद्ध शून्य अशी मंजूर केली. महाराष्ट्रातल्या विरोधी खासदारांनी चर्चेत ५० टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न काढला, दुरुस्तीत मात्र ती मर्यादा जिथल्या तिथे राहिली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, जालना जिल्ह्यातल्याच अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि अख्खा मराठवाडा ढवळून निघाला. सभागृह एकमताने बोलले होते, पण गावातला प्रश्न शिल्लक होता.

त्याच सप्टेंबरात नव्या संसद भवनात महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. त्या दोनांतले एक मत जालन्याच्या शेजारचे होते. औरंगाबादचे एमआयएमचे खासदार इम्तियाज जलील आणि त्यांचे नेते असदुद्दीन ओवैसी यांनी ओबीसी व मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही, या कारणावरून विरोध नोंदवला. जलील २०१९ मध्ये साडेचार हजारांच्या आतल्या फरकाने निवडून आले होते. त्यांची भूमिका पटो न पटो, ‘नाही’ची बाजू मोजली गेली ती नावासकट.

दानवे यांच्या रेल्वे राज्यमंत्रिपदाची आठवण जालन्यात जास्त निघते. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या वाटेने जाणाऱ्या १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाचा पाठपुरावा त्यांनी केला. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, तोवर ते खासदार राहिले नव्हते. जूनमध्ये मराठवाड्याच्या आठपैकी सात जागा महायुती हरली होती. जालन्यात २००९ चे पराभूत कल्याण काळे १,०९,९५८ मतांनी जिंकले.

आता जालना विरोधी बाकांवर आहे. एकत्र निवडणुकांचे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडायचे की नाही यावरच मतविभागणी झाली, २६९ विरुद्ध १९८. वक्फ दुरुस्तीवरची चर्चा एप्रिल २०२५ मध्ये मध्यरात्र उलटून गेली आणि निकाल लागला २८८ विरुद्ध २३२. दोन्ही वेळा काँग्रेस विरोधात होती. बहुमत पातळ झाले की मतविभागणीची मागणी वाढते. लोकसभेच्या छापील चर्चेत अशा प्रत्येक मतविभागणीखाली ‘होय’ आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या नावांची यादी असते, आणि ती राजूरच्या मतदारालाही मोबाइलवर उघडता येते.