लोण्याची वाटणी

डार्क, मिल्क आणि व्हाइट ही चॉकलेटं आपण रंगावरून ओळखतो. त्यांच्यातला खरा फरक मात्र कोकोच्या लोण्याचा, म्हणजे कोको बटरचा आहे. कुणाच्या वाट्याला ते किती आलं आणि सोबत काय आलं, एवढाच. ही वाटणी सुरू झाली १८२८ साली.

कोकोच्या बीमध्ये निम्मी किंवा थोडी जास्तच चरबी असते. मेक्सिकोतले लोक ही बी भाजून, दगडावर वाटून, पाण्यात फेसाळून पीत. स्पॅनिशांनी त्यात साखर घातली, तरी चॉकलेट पुढेही प्रामुख्यानं पेयच राहिलं आणि त्यावरचा तेलकट तवंग काही हटला नाही. अॅमस्टरडॅमच्या कास्पारस व्हान हाउटेननं १८२८ मध्ये एका दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्यात बियांच्या लगद्यातली जवळपास निम्मी चरबी निथळून येई. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर पेंड उरावी तशी मागे ढेप उरे. ती कुटली की कोको पावडर. पाण्यात सहज मिसळणाऱ्या या पावडरीला गिऱ्हाईक लगेच मिळालं. लोण्याला मिळायचं होतं.

ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं १८४७ मध्ये कोको आणि साखर कालवायला पाण्याऐवजी वितळवलेलं कोको बटर घेतलं. लगदा साच्यात ओतता आला आणि खायची वडी तयार झाली. चरबी आधी काढायची आणि मग वरून घालायची, हा द्राविडी प्राणायाम वाटेल. पण जादू त्यातच आहे. कोको बटर सुमारे ३४ अंशांना वितळतं. म्हणून वडी हातात कडक राहते आणि तोंडात विरघळते. डार्क चॉकलेट ते हेच, फक्त तेव्हा ते खरखरीत होतं. बर्नच्या रोडोल्फ लिंटनं १८७९ मध्ये लगदा तासन् तास घोटणारं यंत्र आणलं, तेव्हा कुठे ती खरखर गेली.

मिल्क चॉकलेटचा जन्म जास्त कष्टाचा. स्वित्झर्लंडमधल्या वेव्हे गावचा डॅनियल पीटर मूळचा मेणबत्त्यांच्या धंद्यातला. चॉकलेट त्याला सासुरवाडीकडून मिळालं. त्यानं दूध घालून पाहिलं, पण दुधातलं पाणी आणि कोकोची चरबी यांचं जमेना आणि माल लवकर खराब होई. अखेर १८७५ मध्ये पाणी आटवलेल्या दुधानं पीटरचं काम झालं.

व्हाइट चॉकलेट बाजारात आलं १९३० च्या दशकात. त्यात पावडर अजिबात नाही. फक्त लोणी, दूध आणि साखर. ‘हे चॉकलेटच नव्हे’ असं म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. लोणी त्याच बीचं आहे, आणि युरोपातल्या नियमानुसार ते किमान २० टक्के असावंच लागतं.

परका म्हणायचाच तर तो कंपाउंड. थंड हवेच्या ठिकाणांहून आपण जी स्वस्त ‘होममेड चॉकलेटं’ आणतो, त्यांतली बरीचशी याच जातीची. यात पावडर व्हान हाउटेनच्याच वळणाची, पण लोण्याच्या जागी पामच्या गराच्या तेलासारखं वनस्पती तेल, तेही बहुधा हायड्रोजनेटेड. कोको बटर नीट गोठवायला तापमान अंशाअंशानं सांभाळावं लागतं. या तेलाला ती नाटकं नाहीत. वितळवा, साच्यात ओता, झालं. मे महिन्यातही ते बऱ्यापैकी टिकतं, मात्र खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसतो. वेष्टनावर घटकांच्या यादीत कोको बटर आहे की व्हेजिटेबल फॅट, एवढं वाचलं तरी निवाडा होतो.

उन्हाळ्यात अस्सल चॉकलेट वितळून पुन्हा गोठलं की त्यावर पांढुरके पट्टे उमटतात. पुष्कळ घरांत ती बुरशी समजून वडी केरात जाते. ते वर आलेलं कोको बटरच असतं, खायला काही हरकत नाही.