वर्ध्याच्या वाटेवर

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील युवकांच्या सभेत अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने आम्हांला प्रश्न केला, "फादर, चर्चच्या आवारात गाड्या लावायला जागा केलीत, पण आम्ही बसची वाट पाहतो त्या थांब्यावर सावली कधी होणार?" सभेत थोडी हशा पिकली. आम्हीही हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. पण रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला. कारण गाड्यांसाठी ती जागा करताना चिंचेची दोन जुनी झाडे तोडली गेली होती, आणि त्या ठरावाच्या कागदावर सही आमची होती.

२०१९ च्या १५ मार्चला जगभरातील शाळकरी मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. तापत चाललेल्या पृथ्वीसाठी मोठ्यांनी काही करावे, एवढेच त्यांचे मागणे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई-पुण्याची मुलेही हातांत फलक घेऊन उभी राहिली. आमच्यासारख्या पुष्कळ वडीलधाऱ्यांनी तेव्हा 'हे परदेशी खूळ' म्हणून मान फिरवली. वाचकहो, ते परदेशी नव्हते. माणसाने कसा प्रवास करावा, कोणत्या इंधनावर करावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात, विदर्भातल्या वर्धा जिल्ह्यात, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी विचारला गेला होता. आणि तो विचारणाऱ्यांत एक श्रद्धावंत ख्रिस्ती मनुष्य अग्रभागी होता. त्या इतिहासाची उजळणी करावी, असे आमच्या मनाने घेतले.

वर्धा हे नगर मुळी आगगाडीच्या सोबतीने वाढलेले. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला, १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी नगर वसले आणि १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग येथून पुढे नागपुरास पोहोचला. हा मार्ग आला तो प्रामुख्याने कापसासाठी. हिंगणघाटचा कापूस तेव्हा फार नावाजलेला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना त्याची भूक होती. थोड्याच वर्षांत वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या खाणींकडे दुसरा फाटा गेला; त्याचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. कापूस आणि कोळसा या दोन शब्दांत त्या काळची वाहतूकनीती सामावली होती. माणसे त्या गाड्यांतून जात, परंतु गाडी काही माणसांसाठी आखलेली नव्हती.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पुलगावहून आर्वीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा अरुंद मार्ग टाकला गेला. तोही कापसासाठीच, आणि तोही एका खासगी इंग्रजी कंपनीच्या मालकीचा. वऱ्हाडातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या मार्गांची तो धाकटी बहीण. लोकांनी या गाड्यांना 'शकुंतला' असे लाडके नाव दिले. इतिहासात असे पुष्कळदा घडते. धनिक आपल्या फायद्यासाठी वस्तू निर्माण करतो आणि गरीब ती वापरून वापरून आपलीशी करून टाकतो. ज्याच्याजवळ बैलगाडीही नव्हती, त्याला या संथ गाडीने तालुक्याचा बाजार, दवाखाना आणि शाळा जवळ आणून दिली.

अशा या जिल्ह्यात ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याहून निघून शेगाव या खेड्यात राहावयास गेले, ते पायी. वाट सुमारे पाच मैलांची. विदर्भातील वैशाखात ही वाट चालणे म्हणजे काय, हे तिकडे राहिलेल्यासच कळेल. पुढे बुलढाण्याच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले.

त्याआधीच, १९३४ च्या अखेरीस, वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती. मगनवाडीत त्याचे कार्यालय होते आणि त्याची धुरा ज्यांच्या खांद्यावर होती ते जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा. जन्म १८९२ सालचा, तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, मुंबईत उत्तम व्यवसाय केला. १९२९ साली साबरमतीस गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातला हा मनुष्य खादी नेसून खेड्यांचे हिशेब मांडू लागला. 'चले जाव' चळवळीत त्यांना जबलपूरच्या तुरुंगात दिवस काढावे लागले. त्या कोठडीत त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक प्रभू येशूच्या आचारविचारांवर, दुसरे 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना १९४५ साली गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या.

कुमारप्पांच्या विचारातले सूत्र सोपे आहे. निसर्गाची संपत्ती दोन प्रकारची, असे ते सांगतात. एक साठ्याची: कोळसा, खनिज तेल, धातू. ही हौदातल्या पाण्यासारखी. उपसली की संपते. दुसरी प्रवाहाची: वन, पीक, वाहते पाणी, माणसाचे व पशूंचे श्रम. ही नीट राखली तर पुनःपुन्हा भरून येते. जो समाज आपले सारे जीवन साठ्यावर उभारतो, त्याला तो साठा ताब्यात ठेवण्यासाठी आज ना उद्या शस्त्र उचलावे लागते. जो प्रवाहावर जगतो, त्याला शांतीची शक्यता राहते. हवेत साठणाऱ्या कर्बवायूची चर्चा त्या काळी सामान्य माणसापर्यंत आलेली नव्हती; कुमारप्पा बोलत होते ते हिंसेविषयी. पण आज शास्त्रज्ञ ज्या दुखण्याविषयी सांगत आहेत त्याचे मूळ त्यांनी नेमके त्याच ठिकाणी दाखवले होते.

त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. स्वातंत्र्यानंतर दिल्लीतल्या एका रस्त्यावर बैलगाड्यांना बंदी झाली. मोटारींच्या धडकेने गाडीवानांना इजा होऊ नये, म्हणून ती बंदी त्यांच्याच भल्यासाठी आहे, असा खुलासा त्यांना करण्यात आला. त्यावर कुमारप्पांचे म्हणणे असे की, धोका मोटारींमुळे होत असेल तर बंदी मोटारींवर यावयास हवी. ज्याला धोका आहे त्यालाच रस्त्यावरून हाकलणे हा कोणता न्याय? गोष्टीचे तपशील कमीअधिक असतील, पण विचार अस्सल त्यांचाच आहे. आजही रस्ता रुंद करताना प्रथम पायी चालणारा हटतो, मग झाड हटते आणि शेवटी बसथांबा हटतो.

सेवाग्रामात आणखी एका ख्रिस्ती माणसाने आयुष्य वेचले. जाफन्याहून आलेले एडवर्ड विल्यम्स आर्यनायकम यांनी आपल्या पत्नी आशादेवी यांच्यासह नई तालीमचे काम उभे केले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली होती आणि तेथूनच हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना देशभर गेली. आपल्या भोवतालची माती, पाणी, झाड यांविषयी मुलाला ज्ञान हवे आणि त्याबरोबर जबाबदारीही हवी, हे त्या शिक्षणाचे मर्म. मुलांनी गावाच्या प्रश्नात पडू नये, असे म्हणणाऱ्यांना नई तालीमने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे.

१९५१ च्या मार्चमध्ये विनोबाजी याच परिसरातून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, तेही पायीच. त्याच प्रवासात पुढे पोचमपल्लीस भूदानाचा उगम झाला. आगगाडीने गेले असते तर संमेलन लवकर गाठता आले असते. पण वाटेवरची भूमिहीन माणसे भेटली नसती.

येथे आम्हांला एक खुलासा केला पाहिजे. सर्वांनी पायी चालावे, असे आमचे म्हणणे नाही. अडलेल्या बाळंतिणीला वाहन हवे, आजाऱ्याला हवे, दूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला हवे. कुमारप्पांच्या विचारांवरून आम्ही शिकलो ते एवढेच की, वाहन कोणत्या साठ्यावर चालते आणि कोणाला पुढे नेते, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्यात बसू नये. साधा हिशेब पाहा. एस.टी. ची गाडी एका लिटर डिझेलवर चार-पाच किलोमीटर जाते. हे थोडे वाटते. परंतु तिच्यात चाळीस माणसे असतील तर ते एका माणसाचे दीडशे ते दोनशे किलोमीटर झाले. एकट्या माणसाला घेऊन मोटार त्याच लिटरात पंधरा-वीस किलोमीटर जाते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली, तेव्हा तिला पर्यावरणाचे वाहन असे कोणी म्हटले नसेल. पण ती तशी होती आणि आजही आहे.

आणि तरीही आपण काय केले? पुलगाव-आर्वीची चिमुकली गाडी बंद पडली. वऱ्हाडातील तिच्या बहिणीही एकामागून एक थांबल्या. 'शकुंतला' जगावी, तिचे रुंद मार्गात रूपांतर व्हावे, म्हणून तिकडच्या नागरिकांनी निवेदने दिली, सत्याग्रह केले. दरम्यान वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर-शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. वेगाला आमचा विरोध नाही. पण ज्या खेड्याच्या शेताशेजारून हा वेग धावतो, तेथील शाळकरी मुलाची सकाळची बस वेळेवर येते काय, हे कोणीतरी विचारले पाहिजे. समाधानाची एक गोष्टही नोंदवू. वर्ध्याहून देवळीमार्गे यवतमाळ-नांदेडकडे जाणाऱ्या नव्या लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा भाग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. लोकांनी वर्षानुवर्षे लावून धरलेली मागणी उशिरा का होईना, फळाला येते.

२०२० साली, टाळेबंदीच्या त्या कठीण दिवसांत, वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडण्यास सुरुवात झाली. त्यांतली काही गांधीजींच्या काळातली होती, असे तेथील लोक सांगत. ज्या वाटेवरून ते म्हातारे पाऊल गेले, त्या वाटेची ती सावली. वर्ध्यातील नागरिक, आश्रमाशी संबंधित कार्यकर्ते आणि तरुण मुलेमुली एकत्र आली. निवेदने गेली, लोक झाडांना बिलगून उभे राहिले. शेवटी तोड थांबवावी लागली. पण तोवर अनेक झाडे आडवी झाली होती. जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो, तिथे रस्त्याकडेचे झाड शोभेची वस्तू नसते. पायी चालणाऱ्याचे, सायकलवरच्या मुलाचे आणि बसची वाट पाहणाऱ्या म्हातारीचे ते छप्पर असते. झाड आणि बस हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे वर्धेकरांनी आम्हांला शिकवले.

असे लढे आपल्या समाजाला अपरिचित नाहीत. 'हरित वसई'च्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत आपल्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या होत्या. पुढे वसईतील एस.टी. च्या फेऱ्या बंद होऊ लागल्या, तेव्हा २०१७ साली एका विद्यार्थिनीच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. बस गेली तर आमची शाळा जाईल, हा तिचा साधा युक्तिवाद न्यायालयाने गांभीर्याने ऐकला. शाळकरी मुलीला जे कळले ते आम्हां पुष्कळ धर्मगुरूंना उशिरा कळले.

वास्तविक ख्रिस्तसभेने आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यात शहरांतील मोटारींची गर्दी, एकेकट्याने गाडी चालवण्याची सवय आणि त्यातून होणारे प्रदूषण यांवर स्वतंत्र परिच्छेद आहे. सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम द्यावा आणि ती माणसाला शोभेल अशी असावी, असे ते सांगतात. आम्ही त्या पत्रावर उपदेश दिले, टिपणे काढली. आणि त्यानंतर चिंचेची झाडे तोडण्याच्या कागदावर सही केली. सेमिनरीत असताना आम्ही वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहिले होते. पण तेथे ज्यांच्या परिश्रमांची साक्ष होती त्या कुमारप्पांनी तुरुंगात येशूवर पुस्तक लिहिले, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या हौतात्म्याच्याच तिथीला, कुमारप्पांनी देह ठेवला. आपल्या घरातला दिवा आपणच विझू दिला, असे म्हणावे लागेल.

यरीहोच्या वाटेवरील शोमरोन्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले. याचा अर्थ उरलेली वाट तो स्वतः चालला असला पाहिजे. शुभवर्तमानात वाहनाविषयी एवढे स्पष्ट मार्गदर्शन आम्हांला दुसरीकडे आढळले नाही.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी बोलावून घेतले आणि उत्तर दिले. या पावसाळ्यात युवकांनी थांब्याजवळ कडुनिंबाची रोपे लावली. पाणी घालण्याची पाळी शनिवारी आमची असते. सकाळची एक फेरी वाढावी म्हणून ऐंशी कुटुंबांच्या सह्यांचे निवेदन आगारात दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही. महिन्यातून एका रविवारी मिस्सेला गाडी न आणता यावे, असे आम्ही वेदीवरून सुचवले. काहींना ते रुचले, काहींना नाही. कडुनिंबाची सावली पडायला काही वर्षे लागतील. तोवर ती मुलगी शिकून दूर गेलेली असेल आणि थांब्यावर तिच्याऐवजी दुसरे कोणी उभे असेल. वर्ध्याच्या वाटेवर ज्यांनी झाडे लावली, त्यांनीही हे जाणूनच लावली असतील.