देवी काढल्याचा वण

माझ्या आजीच्या दंडावर दोन वाटोळे वण होते. लहानपणी विचारले, तर म्हणाली, “देवी काढल्या होत्या रे!” काढायच्या देवी मुळात आत शिरल्या कधी, हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नाही.

१७९६ च्या मे महिन्यात इंग्लंडात जेन्नरने एका गवळणीच्या हातावरील, गाईपासून आलेल्या देवीच्या फोडातले पाणी एका मुलाला टोचले. लॅटिनमध्ये गाय म्हणजे ‘वॅका’, त्यावरून ‘व्हॅक्सिन’. आपण नाव घेतले ते फोडातल्या पाण्याचे : लस. मोठ्या देवी येऊ नयेत म्हणून दंडावर मुद्दाम उठवलेला एवढासा फोड, हेच आजीचे ‘देवी काढणे’!

लस तेव्हा फार टिकत नसे. ती दंडावरून दंडावर जाई. बगदाद-बसऱ्याकडून ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. तिच्या दंडातूनच ती पुढच्या मुलांना मिळाली. १९८० साली देवींचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आज नातीच्या कार्डावर ‘लस’ हा शब्द वाचला, की मला त्या पोरीचा इवलासा दंड आठवतो.